आई आली मंद्रूपहून

गुरुवारी सकाळी साडेनऊला घरात आपण एकटेच आहोत याची शहाजीनं दोनदा खात्री करून घेतली, दाराला कडी लावली आणि तोंडाभोवती गुंडाळलेला पंचा सोडून तो आरशासमोर उभा राहिला. चेहरा लालबुंद झाला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक बारीक ठिपके उठले होते आणि गाल हाताला गरम लागत होते. "दोन-तीन दिवस लाली राहील, घाबरायचं नाही," असं डॉक्टर फिरदोस यांनी काल सुया टोचून झाल्यावर सांगितलं होतं. त्यांनी आधी हेही विचारलं होतं, "जवळपास घरात काही कार्य वगैरे नाही ना?" तेव्हा शहाजीनं मान हलवून "तसं काय न्हाय" असं सांगून टाकलं होतं. कार्य रविवारी होतं. त्याच्या एकुलत्या एका मुलीचा, अंकिताचा, साखरपुडा होता.

शहाजी चाटी गल्लीतल्या एका साडीच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरला होता. बायकांना पदर कसा दिसतो ते दाखवायचं, तर साडी आधी स्वतःच्या खांद्यावर टाकायची, ही त्या धंद्याची रीत. दुकानाच्या चारी भिंतींना आरसे. म्हणजे दिवसभरात पन्नास वेळा तरी शहाजीला स्वतःचं तोंड बघावं लागे, आणि तेही जरीच्या पदरावर. कॉलेजात असताना त्याच्या तोंडावर मुरमं आली, दोन वर्षं राहिली आणि जाताना गालांवर खड्डे ठेवून गेली. पोरांनी त्याचं नाव 'चाळण' ठेवलं. पोरं पांगली, पण ते नाव त्याच्या मनातून काही गेलं नाही. तेव्हापासून माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायचं त्यानं सोडलं. आपण बघितलं की समोरचाही बघतो, असा त्याचा हिशेब होता. त्यामुळे गिऱ्हाइकांच्या साड्या त्याला वर्षानुवर्षं आठवत, तोंडं मात्र आठवत नसत.

घरातले सगळे फोटो शहाजीच काढी, म्हणून शहाजी कुठल्याच फोटोत नव्हता. स्वतःच्या लग्नात ती सोय नव्हती. तिथे त्यानं अक्षता डोळ्यात गेल्याचं निमित्त करून तोंडाला रुमाल लावला, तो अल्बमच्या शेवटच्या पानापर्यंत काढला नाही. म्हणूनच साखरपुडा ठरला त्या दिवशी अंकिता म्हणाली, "पप्पा, या वेळी फोटो दुसरं कुणीतरी काढंल. तुम्ही माझ्याशेजारी पुढं उभं राहायचं. नाहीतर मी फोटोच काढून घेणार नाही." पोरीनं सहज सांगितलं. शहाजीची मात्र झोप उडाली.

त्यातच एका दुपारी दुकानात एक बाई दुसरीला सांगत होती, "अगं, गालावरचे सगळे खड्डे भरले. बारीक सुया टोचतात, मग कातडी आतून आपोआप भरून येते." शहाजीच्या खांद्यावर तेव्हा मोरपंखी साडी होती. गिऱ्हाईक निघून गेलं तरी ती तशीच होती. मग दवाखान्याचा पत्ता शोधणं, चार वेळा जिन्यापर्यंत जाऊन परत येणं, असं करता करता महिना गेला आणि पाचव्या वेळी, म्हणजे अगदी काल, तो वर चढला. तोंडाला बधिर करायचं मलम लावून पाऊण तास बसवलं, आणि पेनासारखं यंत्र गालावरून घर्र घर्र फिरलं. "दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं. "न्हाय," शहाजी म्हणाला, "पण मशीनखाली कापडाला कसं वाटत असंल ते कळलं." खड्डे भरायला अशा पाच-सहा बैठका लागतील हे त्याला शेवटी कळलं, पण तोवर उठून जाण्यात अर्थ नव्हता.

घरी त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. पन्नाशीला आलेला बाप्या गोरागोमटा व्हायला गेला म्हटल्यावर बायको हसणार, आणि बायको हसली की गल्ली हसणार. काल संध्याकाळी तो पंचा गुंडाळूनच आला आणि "ऊन लागलं" म्हणून अंधार करून झोपला. बायकोनं, मायाक्कानं, त्याच्या तळपायाला कांदा चोळला. आज सकाळी ती अंकिताला घेऊन ब्लाऊज आणायला शिंप्याकडे गेली होती.

आरशासमोर पाच मिनिटंही झाली नसतील, तोच दारावर थाप पडली. "शाजी! उघड की रं!"

शहाजीनं घाईघाईनं पंचा गुंडाळला आणि दार उघडलं. शनिवारी यायची त्याची आई, बजाबाई, गुरुवारीच मंद्रूपहून येऊन उभी होती. डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं होतं. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके घामानं चमकत होते.

"तोंड का झाकलंयस?"

"ऊन लई हाय."

"घरात?"

"घरात बी हाय."

बजाबाईनं त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, पण एसटीत उभ्यानं आल्यामुळे तिला आधी पाय धुवायचे होते. ती न्हाणीघरात गेली आणि इकडे शहाजीचा फोन वाजला. अक्कलकोटहून व्याही, शिवलिंगप्पा, बोलत होते.

या व्याह्यांची शहाजीला फार धास्ती होती. अंकिता आणि त्यांचा शिवराज एकाच बँकेत, दोघांनी आपसांत जमवलेलं. जात वेगळी, कुलदैवत वेगळं, त्यांच्या घरात निम्मं बोलणं कन्नडमध्ये. सहा महिने कुणीच हो म्हणेना. मग एक दिवस शिवलिंगप्पा स्वतः आले, चहा पिता पिता बराच वेळ शहाजीच्या तोंडाकडे बघत राहिले आणि कप खाली ठेवून म्हणाले, "चालतंय. करू या." शहाजीनं नजर वर केलीच नाही, म्हणून ते काय बघत होते हे त्याला कळलं नाही, पण त्यांची नजर त्याला गालावर जाणवली होती. तेव्हापासून त्याला वाटे, हा माणूस कुठल्याही क्षणी मत बदलेल.

"व्याही, तयारी कुठवर आली?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"झाली की. आताच आई आली."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "आई आली?"

"व्हय. आत्ताच."

"अय्यो शिवा! अम्मा?"

"व्हय, अम्मा," शहाजी म्हणाला. आपल्या आईला व्याही अम्मा म्हणतात हे त्याला फार आवडलं.

"त्रास लई हाय का री?"

"त्रासाचं काय, आता सवय झाली. वर्षातनं दोनदा येती."

"वर्षातनं दोनदा?"

"गेल्या दिवाळीत आली ती पंधरा दिवस हलली न्हाय. मायाक्काची तर पाठच धरली."

"विहीणबाईंना पण?"

"तिलाच जास्त. बोलत न्हाय बिचारी."

शिवलिंगप्पांनी बाजूला तोंड करून बायकोला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. तिकडे काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. "आणि अंकिता?"

"अंकिताला तर ती जल्मल्यापास्नं सोडत न्हाय. आता आल्या आल्या जवळ घेऊन झोपंल बगा."

"न्हाय न्हाय! जवळ झोपू देऊ नका!" शिवलिंगप्पा जवळजवळ ओरडले. मग स्वतःला सावरून मऊ आवाजात म्हणाले, "व्याही, माझं ऐका. तिला दुखवू नका. थंड थंड दहीभात करा. घरात भांडण नको, तळण नको. मी ओटी पाठवतो, हिरवी साडी आणि नारळ. कवा जाणार वाटतंय?"

"ते तिच्या मनावर हाय. आपुन कसं इचारायचं?"

"बराबर. आपण कसं विचारणार. मग रविवारचं... बघू. हिच्याशी बोलून कळवतो."

शहाजीनं फोन ठेवला. आपल्या म्हाताऱ्या आईला दहीभात द्या, तिच्याशी भांडू नका, तिची ओटी भरतो, असं म्हणणारा व्याही कुणाला मिळतो? त्यानं डोळे पुसायला पंचा सोडला. त्याच वेळी बजाबाई पाय पुसत बाहेर आली, आणि त्याचं तोंड बघून दारातच थबकली.

"आई आली!" ती म्हणाली.

"मगाशीच आलीयस की. बस, पानी देतो."

बजाबाई बसली नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला, लेकासमोर हात जोडले आणि त्याच्या गालांना उद्देशून म्हणाली, "आई, चुकलं-माकलं माफ कर गं. लेकरू हाय. उगवलीस तशी मावळ."

शहाजी पाण्याचा तांब्या हातात धरून उभा राहिला. गावाकडे अंगावर कांजिण्या-गोवर उठला की त्याला कुणी रोग म्हणत नाही, आई आली म्हणतात, आणि ती घरात आहे तोवर शुभकार्य करत नाहीत, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. फोनवरचं सगळं बोलणं त्याच्या डोक्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. 'वर्षातनं दोनदा येती' इथे येईपर्यंत तो खाली बसला होता.

"आई, तसं काय न्हाय. उष्णता हाय."

"तसंच म्हणायचं असतं," बजाबाई म्हणाली आणि कडुलिंब आणायला बाहेर पडली.

तासाभरात दाराला डहाळे लागले. दूधवाल्यानं पिशवी लांबच पायरीवर ठेवली. समोरच्या घरची सारजाबाई कधी नव्हे ती दारातूनच नमस्कार करून गेली. मायाक्का आणि अंकिता परत आल्या तेव्हा चिवड्यासाठी काढून ठेवलेली कढई बजाबाईनं पालथी घातली होती.

"घरात आई हाय आन तळण काडतीस?" तिनं सुनेला दटावलं.

मायाक्काला उत्तर द्यायचं भान नव्हतं. "अवो, अक्कलकोटच्या विहीणबाईंचा, शिवबाईंचा, फोन आला शिंप्याकडं असताना," ती नवऱ्याला म्हणाली. "रविवारचं फुडं ढकला म्हणत्यात. फुडं म्हणजे कवा, तर सोमवारी शिवराज ट्रेनिंगला बंगळूरला चाललाय. तीन महिने. आन त्यांच्यातली लोकं आधीच म्हणत्यात की हे लगीन देवाला मान्य न्हाय म्हणून. त्यांना आता आयतंच घावलं." मग तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं आणि तिचा आवाज उतरला. "मला सांगायचं तरी. मी कांदा चोळत बसले."

अंकितानं नवीन ब्लाऊज पिशवीतून काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. सव्वीस वर्षं कापडाच्या घड्या बघितलेल्या शहाजीला ती घडी बघवेना. पोरीच्या फोटोसाठी आपण तोंड सारखं करायला गेलो आणि फोटोच घालवून बसलो, असं वाटून त्याला स्वतःचाच राग आला. त्यानं फोन उचलला आणि आवाज मोठा केला, म्हणजे सगळ्यांना एकदमच ऐकू यावं.

"व्याही, घोटाळा झालाय. आई म्हणजे माजी आई."

"तुमची-आमची काय व्याही. सगळ्यांचीच आई ती."

"तसं न्हाय. मंद्रूपची."

"मंद्रूपची कडक असती म्हणत्यात."

"अवो, एसटीनं आलीय!"

"येती की. वाऱ्यानं येती, पाण्यानं येती. एसटीत तर गर्दी असती."

शहाजीनं कपाळाला हात लावला आणि हात भाजल्यासारखा मागे घेतला. पलीकडून शिवबाईंचा आवाज आला, "त्यांना तोंड दाखवा म्हणा. व्हिडिओवर."

तोंड दाखवायचं म्हटल्यावर शहाजीचा हात पंच्याकडे गेला. पण अंकिता घडी घालायची थांबून त्याच्याकडे बघत होती. त्यानं फोन समोर धरला. शिवलिंगप्पांनी त्याचं लाल, ठिपक्याठिपक्यांचं तोंड बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "अम्मा, तायी," ते पुटपुटले.

"आई न्हाय हो!" शहाजी ओरडला. "सुया टोचून घेतल्यात म्या! पैसं दिऊन! दवाखान्यात!"

घरात मायाक्का आणि अक्कलकोटात शिवबाई एकाच वेळी फोनजवळ सरकल्या.

"कशाला?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"खड्डे बुजवायला," शहाजी म्हणाला. आता सुरुवात झालीच होती, तर तो थांबला नाही. "तोंडावरचे. लाज वाटती मला. आजवर एका फोटोत उभा ऱ्हायलो न्हाय. पोरगी म्हणली, फुडं उभं ऱ्हावा. म्हणलं एकदा तरी बरा दिसावा बाप. सांगितलं न्हाय कुणाला, हसतील म्हणून. काल टोचल्या, म्हणून लाल हाय. रविवारपर्यंत उतरंल. डॉक्टरीणबाईंचा नंबर देतो, इचारा पायजे तर."

कुणीच हसलं नाही. मायाक्कानं पदर तोंडाला लावला होता, पण तो हसू दाबायला नव्हता. आणि शहाजीच्या लक्षात आलं की बोलता बोलता आपण व्याह्यांच्या तोंडाकडे सरळ बघत आहोत. पहिल्यांदाच बघत होता तो. शिवलिंगप्पांच्या गालांवर, नाकावर, थेट कानापर्यंत खोल खोल व्रण होते.

"बघितलं का आता?" शिवलिंगप्पा म्हणाले. "मी चार वर्षांचा होतो तेव्हा खरीखुरी अम्मा आली. मोठी, देवी म्हणता ती. जीव ठेवला, तोंड घेऊन गेली. आमच्यातले सगळे म्हणत होते, या लग्नाला हो म्हणू नको. मी तुमच्या घरी आलो, तुमचं तोंड बघितलं. म्हटलं, हा माणूस आपल्यातलाच हाय. बाकीचं काय बघायचं?" मग ते जरा रुसल्यासारखे झाले. "आणि तुमी ते बुजवून घ्यायला निघालात."

"लई बुजत न्हाय हो," शहाजी घाईनं म्हणाला. "सहा बैठका लागत्यात. एकच झालीय. रविवारी बगा, सगळे खड्डे जागच्या जागी असतील."

"मग चालतंय. करू या," शिवलिंगप्पा म्हणाले. "ओटीची साडी घेतलीय, ती अम्माला आणतोच. एसटीनं आलेल्या."

अंकितानं फोन बाजूला ठेवला आणि बापाच्या गळ्यात हात टाकायला गेली. "गालाला नगं," तो ओरडला, "क्रीम हाय!" तेव्हा मात्र सगळेच हसले. बजाबाई तेवढी हसत नव्हती. ती डहाळे उतरवता उतरवता कुरकुरत होती, "सुया टोचून घ्यायच्या तर ठिपका तरी ऱ्हायला पायजे. आमी सात वर्सांच्या व्हतो तवा टोचल्या. ताप आलता. डाग-दागिना मेल्यावर काडून घेत्यात, गोंदण तेवढं संगं येतंय. ह्यानं टोचून घेतल्या आन हाय ते बी बुजवाय निगाला."

साखरपुडा रविवारी ठरल्या वेळी झाला. शहाजीची लाली उतरली होती, नाकाच्या शेंड्याची तेवढी साल निघत होती. फोटोग्राफर खालिदनं सगळ्यांना ओळीत उभं केलं, तेव्हा शहाजीचा पाय सवयीनं मागे सरकला. शिवलिंगप्पांनी त्याच्या मनगटाला धरून त्याला पुढे ओढलं आणि फोटो होईपर्यंत सोडलं नाही.

मंगळवारी दुपारी खालिदनं फोटो मोबाईलवर पाठवले. मायाक्कानं बघितले, अंकितानं बघितले, आणि दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शहाजीनं फोन हातात घेतला. अंकिताशेजारी पुढच्या ओळीत त्याच्याच सदऱ्यात एक गुळगुळीत गालांचा माणूस उभा होता. नाकाचं सालपट गेलं होतं. त्याचं मनगट दुसऱ्या एका तितक्याच गुळगुळीत माणसानं धरलं होतं. सहा बैठकांचं काम खालिदनं एका बोटानं केलं होतं, आणि तेही सगळ्या मांडवाचं.

"बगू," म्हणत बजाबाईनं फोन ओढून घेतला. हिरव्या साडीतली स्वतःची छबी तिनं डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "माजं गोंदण कुटं गेलं?"

अंकितानं खालिदला स्पीकरवर फोन लावला आणि आजीच्या हातात दिला.

"आजी, क्लीन केलंय," तो आनंदानं म्हणाला. "सगळ्यांचे डाग काढले. एक्स्ट्रा काही नाही त्याचं."

"डाग? मेल्यावर संगं यायचं व्हतं ते जितेपनीच पुसलंस व्हय रं? मला काय बी सांगू नगं. जसं व्हतं तसं माजं मला परत दे."

खालिद हबकला. "आजी, आत्ताच अक्कलकोटहून पण फोन होता. व्याही म्हणतात, फोटोत त्यांच्या जागी दुसराच कुणीतरी उभा आहे. मी मूळ फोटोच पाठवतो. फक्त काकांना विचारा, त्यांचे गाल तरी राहू देऊ का असेच? छान आलेत."

सगळ्यांनी शहाजीकडे बघितलं. त्यानं फोटोतल्या त्या देखण्या माणसाकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. आयुष्यभर त्याला असंच दिसायचं होतं. पण अंकिताशेजारी तो मनुष्य कुणी पाहुणा उभा असल्यासारखा वाटत होता.

"मूळचाच धाड," तो म्हणाला. "एक बी खड्डा ठिऊन घिऊ नगं."

थोड्या वेळानं मूळ फोटो आला. बजाबाईनं काचेवर बोट टेकवून आपल्या कपाळाचे आणि हनुवटीचे ठिपके एकेक करून मोजले. नऊच्या नऊ जागेवर होते. मग तिचं बोट शहाजीच्या गालावर गेलं, तिथं जरा थांबलं.

"ह्यो बी आला," ती म्हणाली. "आता वळखू येतोय."